आखडलेले कोपर पुन्हा वाकते का?

घास तोंडापर्यंत नेणे, केस विंचरणे, फोन कानाला लावणे ही कामे आपण विचार न करता करतो. कोपर आखडले की तीच अडतात. रोजच्या बहुतेक कामांना कोपर 30 ते 130 अंशांपर्यंत हलले तरी पुरते. डॉक्टरांचे उद्दिष्टही बहुधा तेवढेच असते.

ही काळजी जुनी आहे. काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी शिष्यांना शिकवतो आहे, अशी सुश्रुतसंहितेची मांडणी आहे. ‘कूर्पर’ म्हणजे आपले कोपर. तिथल्या मर्माला इजा झाली तर हात अधू होतो, असे त्यात सांगितले आहे. निखळलेले कोपर जागेवर बसवल्यावर ते सरळ करावे आणि वाकवावे, असेही त्यात आहे.

कोपर आखडते ते बहुधा हाड मोडल्यावर, सांधा निखळल्यावर किंवा हात फार दिवस प्लास्टरमध्ये राहिल्यावर. सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन आकसते. कधी स्नायूत नको तिथे हाड तयार होते. म्हणूनच दुखापतीनंतर जोराची मालीश करू नये किंवा हात ओढून घेऊ नये. त्याने हा धोका वाढतो.

सुरुवातीचा उपाय म्हणजे व्यायाम आणि हात हळूहळू ताणणारा पट्टा. काही महिने मन लावून करूनही फरक पडला नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यात आकसलेले आवरण सोडवतात आणि अडणारे हाड काढतात. हे चीर देऊन किंवा दुर्बिणीने करता येते. कोपर आपटल्यावर जिच्यामुळे झिणझिण्या येतात, ती नस जपावी लागते. कधी ती मोकळीही करतात. सांध्याचा पृष्ठभागच झिजला असेल, तर उपाय वेगळा असतो.

मात्र शस्त्रक्रियेने अर्धेच काम होते. एक-दोन दिवसांतच हात हलवायला सुरुवात करावी लागते आणि पुढे कित्येक महिने व्यायाम चालू ठेवावा लागतो. दुखते म्हणून हात गळ्यात बांधून बसले, तर कोपर पुन्हा आखडते.

म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: हात किती अंश वाकेल, आणि नंतर व्यायाम कोण करून घेईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरातही तयार ठेवा. आजोबांना रोज व्यायामाची आठवण करून देणारे नातवंडही या उपचाराचा भागच आहे.