तोफ भंगारात घालू नका

परवा मधल्या सुट्टीत आमच्या सातवीच्या वर्गात वाद झाला. एक मित्र म्हणतो कसा, "आता क्षेपणास्त्रांचा जमाना. विमानविरोधी तोफा भंगारात घाला." मला ते पटले नाही, म्हणून माझे मत लिहीत आहे.

माझे चुलते सीमेवर एल-७० तोफेवर आहेत. ही ४० मिलिमीटरची तोफ मूळची स्वीडनच्या बोफोर्स कंपनीची. आपल्या सैन्यात ती १९६० नंतरच्या दशकात आली, म्हणजे आमच्या आजोबांच्या काळातली. पण आता तिला रात्री बघणारा कॅमेरा आणि आपोआप नेम धरणारे यंत्र जोडले आहे. मिनिटाला तीनशेच्या आसपास गोळे सुटतात.

२०२५ च्या मे महिन्यात ८ तारखेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन सोडले, असे आपल्या सरकारने सांगितले. त्यांतले कित्येक एल-७० आणि झेडयू-२३ या जुन्या तोफांनीच पाडले. त्या तीन-चार रात्री काकांचा फोन लागत नव्हता. आजी अंगणात बसून राहायची, जेवायची नाही.

पुढे काका सुट्टीवर आले. म्हणाले, "ड्रोन स्वस्त, क्षेपणास्त्र महाग. प्रत्येक ड्रोनवर क्षेपणास्त्र सोडलं तर आपलंच दिवाळं निघंल. शत्रूला तेच पाहिजे असतंय." आजी लगेच म्हणाली, "म्हंजी गोफणच की रं! जोंधळ्यावर पाखरं आली तर बंदूक कोण काढतंय?" मला आजीचे म्हणणे एकदम पटले.

युक्रेनमध्येही असेच घडले. जर्मनीने २०१० साली आपल्या सैन्यातून काढलेल्या गेपार्ड तोफा २०२२ मध्ये युक्रेनला दिल्या, आणि त्यांनी शाहेद ड्रोन पाडले.

पण घारीला गोफण पोचत नाही, हेही खरे. एल-७० चा पल्ला साडेतीन-चार किलोमीटर, झेडयू-२३ चा अडीच. उंचावरच्या विमानाला आणि लांबून येणाऱ्या क्षेपणास्त्राला आकाश, एस-४०० असलीच अस्त्रे लागतात. शिवाय एक तोफ राखणार किती? एखादा तळ, एखादा पूल. म्हणून दोन्ही हवीत. आणि रडारने आधी सांगितले नाही तर तोफेवरचा माणूस अंधारात काय करणार?

काका दिवाळीला येणार आहेत. भंगार म्हणणाऱ्या मित्राने तेव्हा आमच्या घरी फराळाला यावे आणि आजीसमोर हेच बोलून दाखवावे.