चंद्रकळेचे नवे दिवस

काळ्या रंगाशी आपल्या घरांचे वागणे मोठे दुटप्पी आहे. लग्नाच्या बस्त्यात कुणी काळे कापड पुढे केले, तर दुकानदारच ते लगबगीने मागे सारतो; आणि त्याच लग्नातील नववधूला पहिल्या संक्रांतीला सासू हौसेने काळी साडी घेते, वर हलव्याचे दागिने घालते. बाळाच्या बोरन्हाणाला काळे झबले शिवतात. मंगळसूत्राचे मणी काळे, डोळ्यांतले काजळ काळे, गालावरची तीट काळी. इतके असूनही वयात आलेली मुलगी सणावाराखेरीज सलग आठ दिवस काळ्या वस्त्रांत वावरली, की घरात कुजबुज सुरू होते.

ही कुजबुज सध्या माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी, धाराशिवात, चालू आहे. भाची पंचवीस वर्षांची. पुण्यात नोकरी करते. दोन वर्षांपासून तिने आपल्या पोशाखाची एक रीत ठरवून घेतली आहे. पायघोळ काळा झगा, मनगटापाशी लेसची झालर, गळ्यालगत उभी पट्टी, बोटांत चांदीच्या जाड अंगठ्या आणि ओठांना जांभळट गडद रंग. मंदिरात जाताना मात्र ती पांढरी सुती साडी नेसते, त्यामुळे त्या बाबतीत वाद नाही. वाद आहे तो पाहुण्यांचा. बहिणीने मला निरोप धाडला, “दादा, तूच सांग तिला. रविवारी स्थळ येतंय आणि ही म्हणते, काळंच नेसणार.” मी विचारायला गेलो, तर भाची शांतपणे म्हणाली, “मामा, याला गॉथिक म्हणतात. आणि जुन्या काळाची आवड, ती वेगळी. मी दोन्हींची सांगड घालते आहे.”

हयात बँकेत गेलेल्या माणसाला आधी व्याख्या लागते. म्हणून हा शब्द थोडा उकरून पाहिला. गॉथ ही युरोपातील एक प्राचीन टोळी. पुढे इटलीतील विद्वानांनी मध्ययुगीन इमारतींना ‘गॉथिक’ म्हटले ते हेटाळणीने, म्हणजे रानटी अशा अर्थाने. होरेस वॉलपोल यांची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी 1764 साली निघाली. तिच्यानंतर पडके किल्ले, भुयारे, वादळी रात्री यांच्या कथांनाही तेच नाव मिळाले. पुढे 1861 मध्ये पती अल्बर्ट वारल्यावर व्हिक्टोरिया राणीने काळी वस्त्रे घेतली, ती 1901 मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत उतरवली नाहीत. तिच्यामागोमाग विलायतेत शोकाच्या पोशाखाचे शास्त्रच तयार झाले. व्हिटबी गावच्या जेट नावाच्या काळ्या खड्याचे दागिने घरोघर गेले. आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील काही गायक-वादक तरुणांनी ही सारी सामग्री उचलून तिचा नवा पेहराव केला. लंडनमध्ये 1982 साली त्यांचा जो अड्डा सुरू झाला, त्याचे नाव ‘बॅटकेव्ह’, म्हणजे वटवाघळांची गुहा. लेण्यांतून फिरताना डोक्यावरून खरीखुरी वटवाघळे गेलेल्या आम्हां धाराशिवकरांना या नावाचे फारसे भय वाटण्याचे कारण नाही.

शब्द परका खरा, पण आपल्या समाजाला तो वाटतो तितका परका नाही. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर ही गॉथिक शैलीतील इमारत. तिला पैसा दिला तो प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याने. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या भरात 1864 मध्ये त्यांनी ग्रंथालय व मनोरा यांसाठी एकूण 4 लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला. बँक ऑफ बॉम्बेचे व्यवहार त्यात इतके गुंतले होते की 1868 मध्ये ती बँक गुंडाळावी लागली. (कर्ज देताना तारण नीट पाहावे, हा धडा आमच्या पिढीला प्रशिक्षणात देत, त्याची मुळे तेथवर जातात.) बँक बुडाली, मनोरा मात्र 1878 साली पुरा झाला, 280 फूट उंचीचा. प्रेमचंदांच्या मातोश्री राजाबाईंची दृष्टी अधू होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा त्यांचा नेम घंटेच्या नादावर पाळता यावा, म्हणून हा मनोरा उभा राहिला, अशी कथा सांगतात.

मला त्या मनोऱ्याची दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुकाराचा. तो कधी मुंबईला आला नाही. कमानी टोकदार, कळस अणकुचीदार, सगळी विलायती रीत. पण वरच्या बाजूला जे पुतळे बसवले, ते पश्चिम भारतातील निरनिराळ्या समाजांच्या माणसांचे, ज्याच्या त्याच्या वेशात. सांगाडा परका आणि त्यात माणसे आपली. भाचीला मी हेच सांगितले. तुझ्या पेहरावाचा सांगाडा लंडनचा असेना का; त्याच्या कोनाड्यात कुणाला उभे करणार आहेस?

तिने उत्तर दिले नाही. ती आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, ट्रंकेकडे गेली.

ट्रंकेत आईची चंद्रकळा निघाली. काळे लुगडे ते चंद्रकळा, एवढेच हल्लीच्या मुलींना ठाऊक असते. हे लुगडे इरकली, नऊवारी. आईच्या पहिल्या संक्रांतीचे, म्हणजे पासष्टच्यावर वर्षांचे. इरकल हे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातले इलकल गाव. तेथील विणकर अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा निरनिराळे लावून एकमेकांत फासांनी अडकवतात. म्हणून अंग सुती आणि पदर रेशमी असे एकाच वस्त्रात साधते. तांबडा पदर, त्यावर पांढरी देवळाच्या शिखरांसारखी नक्षी, आणि बाकी सारे काळे. लंडनच्या तरुणांना काळ्यावर तांबडे शोभते हे उशिरा कळले. आमच्या सीमाभागातील बायका ते शेतात नेसून जात होत्या.

येथे एक सूक्ष्म गोष्ट नोंदवतो. पाश्चात्त्यांचे काळे शोकातून आले. आपल्याकडे शोकाचा रंग पांढरा, काही समाजांत विधवांच्या वाट्याला येई ते तांबडे आलवण. काळी चंद्रकळा मात्र नव्या सुनेच्या कौतुकाची. तेव्हा काळे म्हणजे अशुभ असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच आज्यांच्या ट्रंका उघडून पाहाव्यात.

लुगडे उलगडले आणि घडीवर चिरत गेले. काळ्या रंगाचा हा जुना दोष आहे. पूर्वी काळा रंग करण्यासाठी गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवीत आणि हिरड्यात बुडवलेल्या कापडावर ते चढवीत. रंग पक्का बसे, पण लोहाचा अंश वर्षानुवर्षे धागा खात राही. पुढे गंधकाचे रासायनिक काळे रंग आले. तेही साठवणीत सुती धागा कमजोर करतात. ज्यांच्या घरी अशी वस्त्रे असतील त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून आजच बाहेर काढावीत, धुतलेल्या मलमलीत गुंडाळावीत आणि वर्षातून दोनदा घडी मोडून दुसरीकडे घालावी. डांबरगोळी कापडाला, विशेषतः जरीला, टेकू देऊ नये. चांदीचे जुने दागिने काळवंडले असतील तर सराफाकडे उजळायला नेण्याची घाई नको. भाचीच्या पेहरावाला तर ती काळी झाकच हवी असते. आणि मोडीत तर मुळीच घालू नयेत. मोडीत वजनाचे पैसे मिळतात, घडणावळीचे मिळत नाहीत.

चिरलेले लुगडे पाहून भाची म्हणाली की, पदर आणि काठ शाबूत आहेत, यांचे जाकीट होईल. यावर घरात जे वादळ उठले ते स्थळाच्या वादळापेक्षा मोठे होते. बहीण म्हणाली, “आईच्या संक्रांतीच्या लुगड्याला कात्री?” मी स्वतः तिच्या बाजूने झुकत होतो. जुनी वस्तू आहे तशी जपावी, असे माझे मत आहे. पण लुगडे आमचे नव्हते, आईचे होते. तिने ते मांडीवर घेतले, चिरलेल्या घडीतून बोट घालून पाहिले आणि म्हणाली, “पेटीतच मरायचं असतं तर मी ते त्या वर्षीच ठेवून दिलं असतं. खूप नेसलं मी.” मग पुढे कुणी बोलले नाही.

पेहराव उसना घ्यायचा नसेल, तर तो जुळवायला वेळ लागतो. भाचीची पद्धत मला पटली, कारण तिच्यात हिशेब आहे. ती महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढते आणि सहा महिन्यांत दोनच वस्तू घेते. 3000 रुपयांचा चमकदार झगा दोनदा घालून ठेवून दिला तर एका वेळेला 1500 रुपये पडतात. 1200 रुपयांची काळी सुती इरकल चाळीस वेळा नेसली तर 30 रुपये. चामड्याची जाकिटे, पट्टे आणि बूट हे गॉथिक पेहरावाचे नेहमीचे अंग. ते तिने पहिल्यापासूनच वगळले. नवे रेशीम घेत नाही. घरातले जुने टाकत नाही. आणखी एक गोष्ट मी तिला बजावली. पाश्चात्त्य मुले गळ्यात क्रूस घालतात, आणि आपल्या जिल्ह्यात कुणाला कवड्यांची माळ काळ्यावर शोभून दिसेल असेही वाटेल. दोन्ही दुसऱ्याच्या श्रद्धेच्या वस्तू आहेत. आई तुळजाभवानीची माळ नवसाने घेतली जाते, फोटोसाठी नव्हे. ते तिला आधीच ठाऊक होते.

हवेचाही विचार करावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये धाराशिवात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा काळे पॉलिएस्टर म्हणजे शिक्षा. त्यावर उपाय याच मातीत आहे. आपले तेर, म्हणजे प्राचीन तगर, याच्याविषयी पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात लिहिले आहे की, येथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांनी भडोच बंदराला जाई. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची स्त्रीप्रतिमा आहे. तिच्यासारखीच मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. तिचे दागिने पाहायला मी भाचीला मुद्दाम घेऊन गेलो. ती अर्धा तास वहीत रेखाटने काढत उभी होती. आता उन्हाळ्यात ती काळी मलमल वापरते, सैल बाह्यांची.

नमुन्यांसाठी ती इंग्रजी चित्रे पाहत असे, तेव्हा मी तिला एक छायाचित्र दाखवले. साल 1885, फिलाडेल्फियाचे महिला वैद्यकीय महाविद्यालय. तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी, एक जपानची, एक सीरियाची आणि आपल्या आनंदीबाई जोशी, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. व्हिक्टोरियन काळ म्हणतात तो हाच. आणि त्याच काळात आपल्याकडच्या पोलक्यांना लांब बाह्या, झालरी आणि लेस येऊ लागली. भाचीने ते चित्र शिंप्याकडे नेले.

रविवारी पाहुणे आले. भाची नव्या काळ्या इरकलीत होती; गळ्यात आजीची ठुशी, ओठांचा रंग आईसाठी थोडा फिका केलेला. मुलाच्या आजीने पदर हातात घेऊन कुठला म्हणून विचारले. मुलाच्या आईने, “रोज काळंच का?” असे विचारले. भाची म्हणाली, “मला ते माझं वाटतं म्हणून.” निरोप अजून आलेला नाही. बहीण त्याचे खापर रंगावर फोडते. माझ्या मते मुलगा पुण्याबाहेर राहतो आणि भाची नोकरी सोडणार नाही, हे खरे कारण असावे. पण ते तिला पटत नाही.

जाकिटाचे माप दिले आहे. शिंपी मास्तर जुन्या पिढीतले. पदराला आतून मलमलीचे अस्तर लावल्याशिवाय सुई टोचणार नाही, म्हणाले, आणि लग्नसराई आटोपल्यावर देतो म्हणाले. उरलेल्या काळ्या कापडाचा चांगला हातभर तुकडा आईने स्वतःकरता मागून घेतला आहे. कशासाठी, ते ती सांगत नाही.