हॅचबॅक म्हणू नये!

शोरूममध्ये जाऊन एखाद्या छोट्या गाडीला ‘हॅचबॅक’ म्हणून पाहा. विक्रेता पोरगा इतक्या हळुवारपणे चूक सुधारतो की आपल्यालाच ओशाळं वाटावं : ‘सर, ही एसयूव्ही आहे.’ मग तो पुरावे दाखवतो. चाकांभोवती काळं प्लास्टिक. छपरावर दोन दांड्या (त्यांना सामान बांधायचा विचार मनात आणू नये). बंपरखाली चंदेरी रंग फासलेलं आणखी थोडं प्लास्टिक.

ह्युंदाईची एक्स्टर आणि ग्रँड आय१० निऑस शेजारी शेजारी उभ्या करा. लांबी दोघींची ३८१५ मिलिमीटर, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २४५०, पेट्रोल इंजिन १.२ लिटरचं. एक्स्टर अंगानं उंच आणि जमिनीपासून जरा वर, हे मान्य. आपल्या खड्ड्यांत तेवढंही उपयोगाचं. पण बोहल्यावर चढताना उंच टाचा घातल्या म्हणून घराणं बदलत नाही. मारुतीच्या बलेनो आणि फ्रॉन्क्सचंही गोत्र एकच.

गंमत पुढे आहे. हा रुबाब फक्त गिऱ्हाइकासमोर. कराच्या खिडकीपाशी हीच एसयूव्ही अंग चोरून उभी राहते. २००६च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं, तेव्हापासून आपल्याकडे गाडीचा आकार निम्मा चित्रशाळेत आणि निम्मा अर्थखात्यात ठरतो. टाटांची इंडिगो सीएस आणि २०१२ची डिझायर, या दोन सेडानांनी तर त्यापायी शेपटीच छाटून घेतली. हॅचबॅकला शेपटीच नसल्यामुळे तिनं फक्त नाव बदललं.

नावाला सरकार भुलत नाही. जीएसटी परिषदेनं २०२३मध्ये जादा अधिभारासाठी एसयूव्हीची व्याख्या केली, तीच मुळी ‘नाव काहीही असो’ या थाटाची : लांबी चार मीटरहून जास्त, इंजिन १५०० सीसीहून जास्त, जमिनीपासून उंची किमान १७० मिलिमीटर. पुढे अधिभार गेला. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाडीवर १८ टक्के, मोठीवर ४०. त्या दिवशी चार मीटरच्या आतली एकही ‘एसयूव्ही’ आपल्याला मोठ्यांत धरावं म्हणून अडून बसल्याचं ऐकिवात नाही.