मापातली श्रद्धा

तोरण्याच्या छायेत, भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत, भाताची झोडणी आटोपून पायली पुढे आली की खरेदीला जी शीग चढते तीच विक्रीला तळहाताने हळूच पुसली जाते, हे ज्याने एकदा पाहिले, त्याला धर्माची परीक्षा देवघरापेक्षा खळ्यावर अधिक कठोर होते, हे निराळे सांगावे लागत नाही.

कॅथलिक परंपरेने हा विचार प्रवचनापुरता ठेवला नाही. मजुराला न्याय्य वेतन देणे हे धनिकाचे कर्तव्यच होय, असे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात निक्षून प्रतिपादिले. आणि १९१८ साली वसईत मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने जी कॅथलिक सहकारी पतसंस्था स्थापन झाली, आणि कालांतराने बँक म्हणून नावारूपाला आली, तिच्या हिशेबाच्या वह्यांत श्रद्धेला व्यवहाराचे रूप मिळाले. त्याच वसईत ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात अग्रभागी उभे राहिले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, ते संपूर्ण महाराष्ट्राचे होऊन.

मामलेदार कचेरीतील दप्तर असो, दूध संकलनाचा काटा असो वा ग्रामपंचायतीचा कारभार, निष्ठेची साक्ष तेथेच नोंदली जाते. वाचकहो, धर्म कोणताही असो, यंदाच्या सुगीत घेताना आणि देताना माप एकच ठेवा.