पाच मिनिटं नुसती चालू करून ठेवा!

माणूस चार-सहा महिन्यांसाठी परगावी जायला निघाला, की त्याच्या सामानापेक्षा त्याला मिळणाऱ्या सल्ल्यांचं वजन जास्त भरतं. दूध बंद करावं की अर्धा लिटर चालू ठेवावं, तुळशीला पाणी कुणी घालावं, दागिने कुठे ठेवावेत, या प्रत्येक बाबतीत माणशी एक मत पडतं. पण खाली उभ्या असलेल्या मोटारीचा विषय निघाला रे निघाला, की एरवी पाण्याच्या टाकीवरून एकमेकांचे गळे धरणारी आमची सोसायटी एका सुरात म्हणते, "त्यात काय एवढं? किल्ली शेजाऱ्याकडे द्या. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं नुसती चालू करून ठेवायची!"

वाचकहो, हा लेख त्या पाच मिनिटांविरुद्ध आहे.

मी स्वभावाने भांडखोर नाही. वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेला माणूस भांडखोर राहूच शकत नाही. पासबुक भरून घ्यायला चोवीस पानं मागे आलेल्या गृहस्थालाही मी 'बसा' म्हणतो. पण या पाच मिनिटांनी माझा जो छळ केला आहे, तो आता चव्हाट्यावर मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पहिला हिसका बसला तो २०२० साली. २५ मार्चपासून सगळा देश घरात बसला आणि गाड्या खाली बसल्या. माझी २०१२ सालची लहानशी गाडी, तीही हप्त्याने घेतलेली जुनी, आमच्या डोंबिवलीच्या इमारतीखाली दोन खांबांच्या मध्ये उभी होती. तिसऱ्या आठवड्यात तळमजल्यावरच्या नानांनी फतवा काढला की सगळ्यांनी दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता खाली येऊन आपापली गाडी पाच मिनिटं चालू ठेवावी. नाना एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे गाडी नव्हती, पण अधिकार होता.

मग काय, दर रविवारी सहा वाजता खाली अकरा इंजिनांची सामुदायिक आरती सुरू व्हायची. तोंडाला फडकी बांधलेले अकरा यजमान आपापल्या स्टिअरिंगमागे डोळे मिटून बसलेले आणि मध्ये हातात घड्याळ घेऊन नाना! माझ्या गाडीच्या सायलेन्सरमधून टपटप पाणी गळायला लागलं, तेव्हा तर नानांना भरून आलं. म्हणाले, "बघा, बघा! घाम येतोय. व्यायाम झाला गाडीला!"

जूनमध्ये ऑफिसला जायची वेळ आली. मी किल्ली फिरवली. गाडी 'टक्' म्हणाली. पुन्हा फिरवली. या वेळी तेवढंही म्हणाली नाही. ढकलून बघावी म्हणून चौघं लागलो, तर मागची दोन्ही चाकं जमिनीला सिमेंटने बसवल्यासारखी. शेवटी गॅरेजवाला उस्ताद आला. त्याने बॉनेट उघडलं आणि आतून उंदरांचं एक सुखवस्तू कुटुंब बाहेर पडलं. त्यांनी दोन वायरी खाल्ल्या होत्या आणि माझ्या एका हरवलेल्या मोज्याची गादी केली होती. बिल चार आकडी झालं, आणि पाचवा आकडा उंबऱ्यावर उभा होता.

"पण उस्ताद," मी म्हणालो, "दर रविवारी पाच मिनिटं चालू करत होतो!"

"म्हणूनच, साहेब," उस्ताद म्हणाला.

त्याने मग मला जे समजावलं, ते मी बी. कॉम.च्या भाषेत मांडतो. बॅटरी हे खातं आहे. इंजिन सुरू करताना स्टार्टर त्यातून एकदम मोठी रक्कम उचलतो. ती परत भरायची तर गाडी रस्त्यावर बऱ्यापैकी वेगाने वीस-पंचवीस मिनिटं तरी धावायला हवी. उभ्या उभ्या घुरघुरताना भरणा होतो तो चिल्लर. म्हणजे समजा, दर रविवारी शंभर रुपये काढायचे आणि चाळीस भरायचे. शिवाय घड्याळ, अलार्म वगैरे मंडळी गाडी बंद असतानाही रोज पैसा-दोन पैसे उचलत असतातच. असं खातं किती रविवार टिकेल, हे सांगायला चार्टर्ड अकाउंटंट लागत नाही. आणि बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो. मग ते बुडीत कर्ज. कितीही चार्जिंग करा, वसुली नाही.

आणि नानांचा तो 'घाम'? एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. ते रसायनशास्त्र आहे, त्यात नानांचंही काही चालत नाही. गाडी नीट पळून तापली, तर ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत इंजिन धड कोमटसुद्धा होत नाही. मग ते पाणी सायलेन्सरमध्ये बसून तो आतून गंजवतं, थोडं इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं, सोबत न जळलेलं पेट्रोलही नेतं. म्हणजे आपण व्यायाम म्हणून जे करतो, ते एखाद्याला दर रविवारी झोपेतून उठवून, थंड पाण्याने आंघोळ घालून, अंग न पुसता पुन्हा झोपवण्यासारखं आहे. त्यातून बंद गॅरेजात हा विधी करणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे की कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीची तब्येत राखता राखता स्वतःची बारावी व्हायची.

या पंथाखेरीज आणखी दोन पंथ आहेत. एक 'कव्हर घाला' पंथ. हे लोक ऐन जूनमध्ये ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधतात आणि दिवाळीला आत बुरशीची शेती काढतात. दुसरा 'काही होत नाही' पंथ. यांच्याविषयी काही लिहावं असं खरंच काही होत नाही.

तिन्ही पंथांचा मूळ समज एकच आहे, आणि माझा खरा राग त्यावर आहे. तो असा, की उभी गाडी म्हणजे विश्रांती घेणारी गाडी. साफ खोटं! आम्हाला कॉलेजात घसारा शिकवला. यंत्र चालो की न चालो, घसारा लागतोच. बँकेत बघा. बचत खात्यावर दोन वर्षं खातेदाराने काही व्यवहार केला नाही, की ते खातं निष्क्रिय होतं. आम्ही व्याज जमा करत राहतो, पण ते आमचं चालू करून ठेवणं झालं. त्याने खातं जिवंत धरलं जात नाही. दहा वर्षं असंच गेलं, की पैसा रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातो आणि वारसांना कागद घेऊन खेटे घालावे लागतात. पडून राहणं हेही एक काम आहे, आणि त्याची तयारी लागते.

ती तयारी करायची वेळ माझ्यावर २०२३ साली आली. मेअखेरीस राजापूरच्या घरी आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन रत्नागिरीला झालं, पहिले दिवस बहिणीने काढले, आणि पुढचे पाच महिने आमची पाळी लागली. "मी डोंबिवलीला येणार नाही," एवढं आईने भूल उतरताच सांगितलं होतं. साठवलेली रजा उपसून मी आणि ही निघालो. गाडी नेण्यात अर्थ नव्हता. घर रस्त्यापासून शंभरावर पायऱ्यांच्या पाखाडीखाली, गाडी वर उघड्यावर राहणार, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडणारा तिथला पाऊस मोटारीला पाहुणी म्हणून वागवत नाही.

निघण्याआधीचे दोन दिवस मी उस्तादच्या हाताखाली उमेदवारी केली. आधी ऑइल बदललं, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल साठतं आणि ते पाच महिने इंजिनला चाटत बसतं. मग टाकी काठोकाठ भरली. हिने विचारलं, "जायचं रेल्वेने आणि पेट्रोल कुणासाठी?" रिकाम्या टाकीत दमट हवा भरते, तिचं पाणी होतं, आणि आताच्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल ते पाणी शोषून घेतं, हे मी तिला नीट समजावलं. त्यावर ती म्हणाली, "माझ्या पिठाच्या डब्याला हेच सांगत होते वीस वर्षं."

मग गाडी धुतली आणि, हे महत्त्वाचं, दिवसभर उन्हात कोरडी होऊ दिली. सीटखालून अर्धा बिस्किटचा पुडा, चिक्कीचा चुरा आणि एक जीर्ण पेढा निघाला. उंदरांच्या मेजवानीची पत्रिका आम्हीच छापून ठेवली होती! टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरली, अर्थात टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत, कारण एकाच जागी बसून टायरला सपाट बैठक येते. आमच्याही व्यवसायात ती येते. हँडब्रेक सोडून दिला. तो पाच महिने ओढून ठेवला, की ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. २०२० साली चाकं धरली होती ती अशी. त्याऐवजी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकांना पुढेमागे विटा लावल्या. बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची वायर काढली. आधी ऋण, मग धन. जोडताना उलट, आधी धन, शेवटी ऋण. कर्जदारांनी हा क्रम पाठ करावा. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला. हवा खेळेल असं सुती कव्हर घातलं. विमा डिसेंबरपर्यंत होता, तो तपासला. उभ्या गाडीवरही झाड पडतं आणि तिच्याही बुडाशी पाणी येतं, शिवाय मुदत संपून नव्वद दिवस उलटले की 'नो क्लेम बोनस'ही जातो. शेवटी स्टिअरिंगला एक चिठ्ठी बांधली : 'बोळा काढा. विटा काढा. बॅटरी जोडा.' माणूस पाच महिन्यांत काय विसरेल सांगता येत नाही.

हे सगळं नाना बाजूला खुर्ची टाकून बघत होते. सगळं झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. "द्या किल्ली. दर रविवारी पाच मिनिटं..."

"नाना," मी म्हणालो, "किल्ली मी घेऊन चाललोय."

नानांचा चेहरा असा झाला, की त्यापुढे त्या चार आकडी बिलाचं मला काही वाटेना. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्यापासून नानांना रविवार मोठा जातो, हे मला माहीत होतं. मी घाईघाईने म्हणालो, "तुम्ही फक्त टायर बघा. बसले तर मला फोन करा." नाना काही न बोलता खुर्ची उचलून आत गेले.

राजापूरला पोचलो. डॉक्टरांनी कागदावर तांबड्या शाईने लिहून दिलं होतं : 'झोपवून ठेवू नये.' वॉकर धरून सकाळी दहा पावलं, संध्याकाळी दहा पावलं, उद्या बारा. पहिल्या आठवड्यात आई कळवळली तेव्हा मला राहवेना. मी म्हणालो, "आई, आज विश्रांती घे. नुसतं पलंगावरच पाच मिनिटं पाय हलव, म्हणजे झालं."

आई म्हणाली, "अरे, मी काय तुझी मोटार आहे? हो बाजूला."

आणि ती चौदा पावलं चालली.

त्या रात्री कौलांवर पाऊस कोसळत असताना मला एक हिशेब आठवला, तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. गेली दहा वर्षं मी आईला दर रविवारी फोन करत असे. "जेवलीस का? गुडघा कसा आहे? पाऊस आहे का? बरं, ठेवतो." कधी घड्याळ लावलं नव्हतं, पण पाच मिनिटांच्या वर गेला नसेल. नानांवर एवढं तोंडसुख घेणाऱ्या माणसाचं हे खातं तपासलं, तर त्यात चिल्लरच निघेल.

दसरा झाल्यावर आम्ही परतलो. तोवर आई काठी टेकत पाखाडीच्या तीस पायऱ्या चढू लागली होती. डोंबिवलीत आल्या आल्या मी खाली गेलो. बोळा काढला, विटा काढल्या, बॅटरी जोडली. किल्ली फिरवली आणि दुसऱ्या झटक्याला गाडी सुरू झाली! चाकं मोकळी, वायरी शाबूत, बुरशीचा मागमूस नाही. मी विजयी मुद्रेने नानांकडे पाहिलं. नाना आत गेले आणि दोनशे पानी वही घेऊन आले.

वीस रविवारांच्या वीस नोंदी होत्या. तारीख, वार, चारही टायरांची स्थिती, खाली तेलाचे डाग आहेत की नाहीत, उंदराच्या लेंड्या : निरंक. जुलैतल्या एका नोंदीत 'पाणी पहिल्या खांबापर्यंत आले, रात्री दोनपर्यंत बसून होतो' असं होतं. माझा गळा दाटून आला. मी म्हणालो, "नाना, चला, गाडीतून चक्कर मारून येऊ. चांगली अर्ध्या तासाची, पाच मिनिटांची नाही."

"आधी शेवटचं पान वाचा," नाना म्हणाले.

शेवटच्या पानावर हेडक्लार्की अक्षरात लिहिलं होतं : 'काचेवरील कागद पाहता वाहनाचे पीयूसी ९ सप्टेंबर रोजी संपले आहे. मालकास कळविले नाही, कारण मालकाने फक्त टायर बघण्यास सांगितले होते.'