नोंद सासरीच राहते

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण, नवी दिल्ली



मी नर्सिंग शिकवते. माझ्या विद्यार्थिनींपैकी कुणी आज उपकेंद्रात एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) आहे, कुणी ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये, कुणी सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी). सरकारी यंत्रणेत आईच्या आणि बाळाच्या ज्या नोंदी होतात, त्या जवळजवळ सगळ्या यांच्याच हातून होतात. त्या नोंदींविषयी हे पत्र आहे, आणि ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच, की कार्यालयीन मार्गाने वर जाणारा कागद तालुक्याच्या पुढे सहसा सरकत नाही.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 पासून देशभर लागू झाले. माणूस कुठल्याही दवाखान्यात गेला तरी त्याची आरोग्याची नोंद त्याच्या संमतीने त्याच्यामागे जावी, हे त्याचे मूळ वचन. 'आभा' हा चौदा आकडी आरोग्य ओळख क्रमांक त्यासाठीच. हे वचन मला मनापासून पटते. पण ज्या रुग्णाला त्याची सर्वांत जास्त गरज आहे, तो रुग्ण तुमच्या आखणीत नीट दिसत नाही. ती गरोदर बाई आहे.

आमच्याकडे पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि पुढच्या पंधरवड्यात भाऊ न्यायला येतो. पहिल्या बारा आठवड्यांतली नोंदणी, धनुर्वाताची दोन इंजेक्शने, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, चार वेळा मोजलेला रक्तदाब, हे सगळे सासरच्या उपकेंद्रात झालेले असते. माता-बाल कार्ड सासरच्या कपाटात राहते. माहेरची सिस्टर विचारते, "कार्ड कुठंय?" बाई म्हणते, "घरी राहिलं." पोर्टलवर शोधायची सोय आहे, हे मला ठाऊक आहे. पण शोधायचे कशावरून? सासरी दिलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा, माहेरी दिलेला भावाचा. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरावर, तो फोन नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा चाकणच्या कारखान्यात पहिल्या पाळीला. नावावरून शोधावे, तर सासरी ती वैशाली गणेश आहे आणि माहेरी वैशाली रामदास. काही घरांत तर लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे नाव सासरी चालते आणि आधारवर जुनेच असते. बाहेर चाळीस बायका बसलेल्या असताना सिस्टर किती वेळ शोधणार? ती नवी नोंद करते.

मग एका बाईच्या दोन बायका होतात. सासरच्या यादीत एकीची प्रसूती 'पेंडिंग' म्हणून लाल दिसत राहते. माहेरच्या यादीत दुसरीची नोंदणी 'उशिरा' म्हणून लाल होते. महिन्याच्या व्हिडिओ बैठकीत दोन्ही सिस्टरना जाब विचारला जातो. दोघींनीही आपले काम वेळेवर केलेले असते.

जाब विचारला जाण्याचे दुःख मी बाजूला ठेवते, ते नोकरीत असतेच. पण रक्तदाबाचे पाहा. 130/86 हा आकडा एकटा पाहिला तर रेषेच्या आत बसतो. याच बाईचे आधीचे चारही आकडे 100/60 च्या आसपास होते हे जिला ठाऊक आहे, ती सिस्टर तिला तशीच घरी पाठवत नाही. लघवीतले प्रोटीन पाहते, पायावर बोट दाबून पाहते, डोके दुखते का विचारते, दोन दिवसांनी परत बोलावते. माहेरच्या सिस्टरला ते चार आकडे दिसत नाहीत. ते सर्व्हरवर आहेत, सुखरूप आहेत, दिल्लीच्या डॅशबोर्डवर त्यांची बेरीजही होते. फक्त ज्या टेबलावर ते हवेत त्या टेबलावर ते नसतात.

बीडच्या ऊसतोड बायकांची गोष्ट याहून बिकट. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, त्यामुळे पाचवा महिना लागला म्हणून बाई मागे राहत नाही. फड बदलतो तशी ती सांगलीच्या एका उपकेंद्राच्या हद्दीतून कोल्हापूरच्या दुसऱ्या उपकेंद्राच्या हद्दीत जाते. गावच्या सिस्टरच्या रजिस्टरात तिच्यापुढे शेरा असतो: 'स्थलांतरित'. त्या शेऱ्यापलीकडे कुणालाच काही दिसत नाही. नोंद माणसामागे जाणार हे तुमचे वचन खरे करून दाखवायला याहून योग्य जागा मला तरी सुचत नाही.

माता-बाल नोंदींचे आरसीएच पोर्टल, एएनएमच्या टॅबवरचे अनमोल आणि लसीकरणाचे यू-विन या गोष्टी आरोग्य मंत्रालयाच्या, प्राधिकरणाच्या नव्हेत, असे उत्तर येईल. ते बरोबरही आहे. पण या सुट्या बेटांना जोडणारा पूल बांधणे हेच तुमचे काम म्हणून तुम्हाला नेमले आहे. आणि पुलावरून कोणता माल जाऊ शकतो, हेही तुमच्याच कक्षेत ठरते.

इथे मुद्द्यावर येते. मिशनच्या जाळ्यातून फिरणाऱ्या नोंदींचे साचे पुण्यात, सी-डॅकमधल्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानकांच्या राष्ट्रीय केंद्रात बनतात. त्या साच्यांची यादी पाहिली. डॉक्टरांची चिठ्ठी आहे, तपासणीचा अहवाल आहे, ओपीडीची भेट आहे, डिस्चार्ज कार्ड आहे, लसीकरण आहे, कुठलाही कागद स्कॅन करून जोडण्याची सोय आहे, नाडी-रक्तदाब-वजन ठेवायला स्वास्थ्य नोंद आहे. बिलसुद्धा आहे! गरोदरपणाची सलग नोंद मात्र स्वतंत्र साचा म्हणून नाही. प्रसूतीची नोंद नाही. नर्सिंगची नोंद तर नाहीच. डिस्चार्ज कार्ड ज्या बाळंतपणाचा शेवट सांगते, त्या रात्री दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके कुणी मोजले, कळा कशा होत्या, चार तासांनी तपासले तेव्हा पिशवीचे तोंड किती उघडले होते, पार्टोग्राफची रेघ कुठे वळली, हे सगळे कागदावर राहते आणि काही वर्षांनी रद्दीत जाते. पुढच्या खेपेला हीच बाई कळा घेऊन दुसऱ्या दवाखान्यात येते, तेव्हा तिथल्या सिस्टरला हेच तर हवे असते.

केंद्र सरकारने 2018 मध्ये मिडवाइफरी सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार अठरा महिन्यांचे जादा प्रशिक्षण घेतलेली नर्स-मिडवाइफ साधी बाळंतपणे स्वतःच्या जबाबदारीवर करणार आहे. जबाबदारी तिची, निर्णय तिचा. मग तिची नोंद 'ओपीडीची भेट' या साच्यात कोंबायची का?

परिभाषा नाही, अशीही सबब चालणार नाही. भारत 2014 पासून स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञावलीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य आहे, ती संज्ञावली देशात मोफत वापरता येते आणि नर्सिंगच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या संज्ञाही आता तिच्यात आहेत. 'बाळ नीट ओढत नाही', 'स्तनात गाठी', 'टाक्याच्या जागी सूज' यांना संकेतांक मिळू शकतात. वापरणारी माणसे साचा ठरवणाऱ्या खोलीत नाहीत, म्हणून ते वापरले जात नाहीत, असे मला वाटते. पुण्याच्या त्या केंद्रापासून वेल्हे-मुळशीची डोंगरातली उपकेंद्रे गाडीने काही तासांवर आहेत.

आता सिस्टरच्या दिवसाविषयी थोडे. डोंगराळ आणि आदिवासी भागात निकषाने तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, सपाटीवर पाच हजारांना. लसीकरणाच्या सत्रात गोवर-रुबेलाची कुपी विरघळवली की चार तासांत संपवायची किंवा टाकून द्यायची, म्हणून तिचे लक्ष घड्याळाकडे आणि बाळांकडे असते, टॅबकडे नसते. ते तसेच असायला हवे. अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यावर रेंज नसते. मग रात्री घरी, रेंज आली की एंट्री. एखाद्या दिवशी लसी संध्याकाळी सातनंतरच टोचल्या गेल्या असे तुमच्या सर्व्हरला दिसले, तर त्याचा अर्थ एवढाच असतो. त्या एंट्रीआधी कागदी रजिस्टर लिहून झालेले असते, कारण ते बंद करा असा लेखी आदेश कुणी काढलेला नाही. त्याच सत्राचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा असतो. अतिजोखमीच्या मातांची नावे, गावे, फोन नंबरही त्याच ग्रुपवर जातात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा. या ग्रुपमध्ये तो कुणी वाचलेला दिसत नाही. वाचायचा असेल तर आधी यादी मागणाऱ्यांनी वाचावा.

वॉर्डात निराळीच तऱ्हा. अनेक ठिकाणी संगणकावर एकच लॉगिन असते, पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला, आणि रात्रपाळीच्या सिस्टरने केलेली नोंद भलत्याच नावावर जमा होते. तुमच्याच आरोग्य व्यावसायिक नोंदवहीत परिचारिकांची नावे घेतली जातात, म्हणजे प्रत्येकीला तिची डिजिटल ओळख मिळू शकते. ती ओळख नोंदीवर सहीसारखी का उमटू नये? उद्या न्यायालयात प्रश्न आला तर त्या रात्री कोण जागे होते हे कळले पाहिजे. चांगले काम झाले असेल तर तेही कळले पाहिजे.

पैशाचेही बोलते, बोलू नये असा संकेत असला तरी. तुमच्या डिजिटल आरोग्य प्रोत्साहन योजनेत आभाला जोडलेल्या नोंदींच्या संख्येवर रुग्णालयांना, प्रयोगशाळांना आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना चार कोटी रुपयांपर्यंत मिळू शकतात. नोंद टाइप करणारीचा उल्लेख पात्र घटकांत नाही. रुग्णालयाने आपल्या वाट्यातून तिला काही द्यावे की न द्यावे, ही त्याची मर्जी. मी नोंदीमागे वीस रुपये मागत नाही. तसे दिले तर नोंदी वाढतील आणि खरेपणा घटेल. पण तिच्या वेळेला किंमत आहे, एवढे तरी योजनेच्या कागदावर यावे.

2021 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन निकृष्ट, अ‍ॅप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. ते खाते वेगळे, अ‍ॅप वेगळे, पण गावात त्याच अंगणवाडीच्या ओट्यावर सिस्टरचे सत्र भरते. त्या आंदोलनाकडे 'बायकांना तंत्रज्ञान जमत नाही' म्हणून पाहणारे अधिकारी मी पाहिले आहेत. याच बायका रात्री मुलांचे शाळेचे फॉर्म, पिकविम्याचे फॉर्म, बचत गटाचे हिशेब मोबाइलवर करतात. त्यांना तंत्रज्ञान जमते. त्यांना न विचारता बनवलेले तंत्रज्ञान त्यांच्या गळ्यात मारले जाते, ते जमत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव दर 12 मे रोजी दिव्यासकट घेतले जाते. रुग्णालयांच्या आकडेवारीसाठी एकसारखा तक्ता त्यांनी आखला आणि 1860 मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे तो मांडला गेला, हे भाषणात येत नाही. नर्सने तक्ता भरावा एवढेच लक्षात राहिले. तक्ता तिनेच आखला होता, हे गळले. अमेरिकेत नर्सिंग इन्फॉर्मेटिक्सला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून 1992 मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्राला आरोग्य माहितीशास्त्राचा पेपर आता आहे, मी तो शिकवते. मुली विचारतात, "मॅडम, हे शिकून पद कुठलं मिळणार?" आमच्याकडे तसे पदच नाही.

पदे निर्माण करणे राज्याच्या हातात आहे, ते मी राज्याकडे मागेन. तुमच्या हातात जे आहे ते तुमच्याकडे मागते. पहिले, गरोदरपण, प्रसूती आणि सूतिका काळ यांची एक सलग नोंद हा जाळ्यात फिरणारा स्वतंत्र साचा करा. तो आखणाऱ्या समितीत निम्म्या जागा काम करणाऱ्या एएनएम आणि लेबर रूमच्या नर्सना द्या. निवृत्त संचालकांना नको, आणि मलाही नको. नवरा, भाऊ, वडील यांपैकी कुणाच्याही फोनवर अवलंबून नसलेली ओळख पटवण्याची रीत बाईच्या संमतीने बसवा. कार्डावरचा क्यूआर कोड तिच्याच ओढणीच्या टोकाला बांधून जाऊ शकेल इतका साधा असावा.

दुसरे, सॉफ्टवेअर जोडू पाहणाऱ्या कंपन्यांना तुमच्या सँडबॉक्समध्ये तीन टप्पे पार करावे लागतात: आभा तयार करणे, नोंद पाठवणे, संमतीने नोंद मागवणे. चौथा टप्पा घाला. हे सॉफ्टवेअर उपकेंद्रात, रेंजशिवाय, मराठीत किंवा त्या त्या राज्याच्या भाषेत, चाळीस बायकांच्या सत्रात एका एएनएमने वापरून पाहिले का, आणि एका नोंदीला किती वेळ लागला? तो वेळ मान्य मर्यादेत नसेल तर प्रमाणपत्र थांबवा. आणि ज्या नोंदीचे कागदी रजिस्टर सुरूच आहे, तिचे डिजिटायझेशन झाले असे कुठल्याही अहवालात मोजू नका. रजिस्टर आपोआप बंद होतील.

तिसरे छोटेसे. दर सोमवारी सकाळी सिस्टरच्या टॅबवर तिच्याच गावांची यादी उघडावी: या आठवड्यात कुणाची तारीख जवळ आहे, कुणाचे हिमोग्लोबिन मागच्या वेळेपेक्षा उतरले, कोण माहेरहून परतली, कोण टोळीबरोबर कुठल्या तालुक्यात आहे. यातली बहुतेक माहिती तिनेच दिलेली आहे. ती लाल-हिरव्या टक्क्यांच्या रूपात जिल्ह्याला मिळते, आणि तिला मात्र वहीत हाताने लिहून काढावी लागते.

समितीची बैठक ठरवाल तेव्हा एक सांगून ठेवते. सत्राचा वार सोडून ठेवा, सकाळची ठेवू नका, आणि बदली सिस्टर दिल्याशिवाय कुणाला बोलावू नका. नाहीतर येणारीचे मन मागे राहिलेल्या अडलेल्या बाईपाशी असेल. प्रवासभत्ता आधी द्यावा.

आपली,
नर्सिंग महाविद्यालयातील एक अध्यापिका