गडी बाद करणं म्हणजे अर्धाच खेळ



अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये 'टाइट एंड' नावाची एक जागा असते. हा खेळाडू एका चालीत चेंडू झेलतो आणि दुसऱ्या चालीत समोरच्याला अडवून सोबत्याला वाट करून देतो. टाळ्या झेलण्याला पडतात. पण पूर्ण खेळाडू तोच, ज्याला दोन्ही जमतं.

एवढं लांब कशाला, आपला खो-खो घ्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले. कर्णधार प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. या खेळात आक्रमण झालं की बचाव करावाच लागतो. पाठलाग करताना उलटं वळता येत नाही. गडी मागे निसटला की वेळेवर खो द्यावा लागतो. नाव होतं बाद करणाऱ्याचं. अचूक खो देणारा कोणाच्या लक्षातही राहत नाही.

आता धंद्याकडे या. 'फक्त विक्रीवर लक्ष द्या' हा सल्ला मला पटत नाही. मोहाडीचा कोसा विका की तुमसरचा तांदूळ, ऑर्डर मिळवणं हे आक्रमण झालं. बिल, उधारीची वही, वसुली हा बचाव. माझा पहिला धंदा गिऱ्हाईक नाही म्हणून बसला नाही. गिऱ्हाईक भरपूर होतं, वही नव्हती! दिवाळीत माल हातोहात गेला आणि संक्रांतीला कारागिरांची मजुरी द्यायला पैसे नव्हते. त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही, ते अजून विसरलो नाही.

तुम्ही माल बनवत असाल तर उद्यम नोंदणी करा, ती मोफत आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असा कायदा आहे. पण तारखेचं बिलच नसेल तर मागणार कशाच्या जोरावर?

पूर्ण होणं म्हणजे सगळं एकट्यानं करणं नव्हे. हिशेब घरच्या माणसाला द्या, मुनीम ठेवा. खो जरूर द्या. पण वही तुम्हालाही वाचता आली पाहिजे.

आज दुकान बंद केल्यावर एवढंच करा: कोणाकडून किती येणं आहे आणि किती दिवसांपासून, ते लिहून काढा. यादी पाहून झोप उडाली, तर समजा बचाव आजपासून सुरू झाला.